सिगारेटच्या कारखान्यात प्रयोगशाळा : विन्स्टन-सेलमच्या पुनर्विकासाचा अभ्यास

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले विन्स्टन-सेलम हे शहर शंभर वर्षे तंबाखूवर जगले. ‘कॅमल’ आणि ‘विन्स्टन’ या सिगारेटी इथल्याच. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीच्या ज्या कारखान्यांत त्या बनायच्या, त्यांतल्या काही इमारतींत आज वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे वर्ग भरतात आणि संशोधन चालते. ‘इनोव्हेशन क्वार्टर’ या नावाने ओळखला जाणारा हा परिसर सुमारे ३३० एकरांचा आहे. कार्यालये, प्रयोगशाळा आणि वर्ग मिळून १९ लाख चौरस फुटांच्या आसपास जागा वापरात आली आहे.

जुन्या इमारती वाचवून शहर कसे सावरले, अशी ही हकिकत सहसा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण तेवढ्यावरून दुसऱ्या शहराला काही हाती लागत नाही. कारखान्यांच्या जागेवर आरोग्य संशोधनाचे संकुल उभे करायचे म्हटले की तीन प्रश्न पुढे येतात : भाडे कोण भरणार, पैशाची मोट कशी बांधायची आणि कारखान्याची इमारत प्रयोगशाळा पेलेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पक्के होईपर्यंत इथे काम धीम्या गतीने चालले. ते पक्के झाल्यावर पाच-सहा वर्षांत भाग ओळखू येईनासा झाला.

जागा रिकामी कशी झाली

रेनॉल्ड्सने १८७५ मध्ये इथे पहिला कारखाना काढला. १९१३ मध्ये ‘कॅमल’ बाजारात आली आणि त्याच वर्षी विन्स्टन व सेलम ही दोन गावे एक झाली. पुढे गावाच्या मधोमध कारखान्यांची रांगच उभी राहिली. १९८६ मध्ये कंपनीने शहराबाहेर टोबॅकोव्हिल इथे नवा प्रचंड कारखाना सुरू केला, १९८७ मध्ये मुख्यालय अटलांटाला हलवायचे ठरवले आणि १९८८ मध्ये कंपनीवर कर्जाच्या पैशांनी ताबा मिळवण्याची गाजलेली झटापट सुरू झाली. मध्यवर्ती भागातल्या इमारती एकामागून एक बंद पडल्या. १९४७ चे बेली वीजघर १९९७ मध्ये थंडावले. १९९८ मध्ये २५६ क्रमांकाची अवाढव्य इमारत आगीत खाक झाली. रिकामी इमारत जितकी वर्षे पडून राहते तितका आगीचा, गळतीचा आणि चोरीचा धोका वाढतो, हे या आगीने शहराला बजावून सांगितले.

वैद्यकीय महाविद्यालयाचा तंबाखूशी संबंध मात्र आधीपासूनचा. रेनॉल्ड्सचे प्रमुख बोमन ग्रे यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीवर ते १९४१ मध्ये या शहरात आले आणि अनेक दशके त्यांच्याच नावाने चालले. त्याचे रुग्णालय मध्यवर्ती भागापासून थोड्या अंतरावर, हॉथोर्नच्या टेकडीवर आहे. तिथे वाढायला जागा उरली नव्हती. एकीकडे जागा संपलेली संस्था आणि दुसरीकडे कंपनीने देणगीदाखल देऊ केलेल्या रिकाम्या इमारती, या जोडीतून प्रकल्प जन्मला.

पहिला टप्पा : कंपन्यांच्या भरवशावर

१९९० च्या दशकात याचे नाव ‘पीडमाँट ट्रायड रिसर्च पार्क’ होते. कल्पना त्या काळच्या इतर संशोधन-उद्यानांसारखीच : जागा तयार ठेवा, जैवतंत्रज्ञानाच्या कंपन्या येतील. सर्वांत मोठी आशा टार्गासेप्टवर होती. रेनॉल्ड्सच्या निकोटिनविषयक संशोधनातून ही कंपनी निघाली आणि २००० मध्ये वेगळी झाली. मेंदूतल्या निकोटिन-ग्राहींवर (निकोटिन ज्यांना चिकटते त्या रेणूंवर) काम करणारी औषधे शोधणे हा तिचा उद्योग. २००६ मध्ये ती शेअर बाजारात उतरली आणि २००९ च्या डिसेंबरात अ‍ॅस्ट्राझेनेकाने नैराश्यावरच्या तिच्या औषधासाठी २० कोटी डॉलर आगाऊ मोजले. २०११-१२ मध्ये त्या औषधाच्या अखेरच्या टप्प्यातल्या चाचण्या अपयशी ठरल्या. नोकरकपात झाली, आणि २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीत टार्गासेप्टचे विलीनीकरण झाले.

यात टार्गासेप्टचा दोष काढण्यात अर्थ नाही. औषध शोधणाऱ्या कंपन्यांचे बहुतेक प्रयोग असेच संपतात. चूक होते ती अशा कंपनीला मुख्य भाडेकरू धरून इमारतीचे कर्ज आखण्यात. प्रयोगशाळेची जागा साध्या कार्यालयापेक्षा पुष्कळ महाग पडते आणि ती रिकामी झाली की दुसरा ग्राहक पटकन सापडत नाही. बँकेला वीस वर्षांचा भरवसा हवा असतो. औषध कंपनीचा हिशेब पुढच्या चाचणीपर्यंतचा असतो.

या काळात दुसरी एक गोष्ट मात्र नीट बसली. डॉ. अँथनी अटाला यांचा गट २००४ मध्ये बॉस्टनहून इथे आला आणि पुनर्जनन वैद्यकाची (ऊती आणि अवयव नव्याने घडवण्याच्या शास्त्राची) वेक फॉरेस्टची संस्था मध्यवर्ती भागात उभी राहिली. तिचा खर्च संशोधन-अनुदानांतून आणि विद्यापीठातून भागत होता. एक चाचणी फसल्याने ती उठून जाणार नव्हती.

निर्णायक पाऊल : आपलेच विभाग हलवले

२०१० च्या सुमारास विद्यापीठाने पवित्रा बदलला. बाहेरच्या कंपन्यांची वाट बघण्याऐवजी टेकडीवरचे स्वतःचे विभाग (शरीरक्रिया व औषधशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र) खाली आणायचे ठरवले. त्यासाठी रेनॉल्ड्सच्या ९१ क्रमांकाच्या दोन जोडइमारती निवडल्या. बाल्टिमोरची वेक्सफोर्ड ही विकासक कंपनी आली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘वेक फॉरेस्ट बायोटेक प्लेस’ उघडले : २,४२,००० चौरस फूट, खर्च सुमारे १० कोटी डॉलर. मुख्य भाडेकरू विद्यापीठ, उरलेल्या जागेत लहान कंपन्या. २०१४ मध्ये इनमार ही कंपनी आपले मुख्यालय घेऊन शेजारच्या जुन्या कारखान्यात आली. जुलै २०१६ मध्ये ६० क्रमांकाच्या मालिकेतल्या इमारतीत, सुमारे ५ कोटी डॉलर खर्चून तयार केलेल्या १,६८,००० चौरस फुटांत, वैद्यकीय शिक्षणाचे केंद्रच टेकडीवरून उतरले. २०१७ मध्ये पदवीचे जीवरसायन आणि अभियांत्रिकीचे वर्गही आले.

विद्यार्थी आल्याने जो फरक पडला तो कंपन्यांनी पडला नसता. प्रयोगशाळेतला माणूस सकाळी आत शिरतो तो संध्याकाळी बाहेर पडतो. विद्यार्थी दिवसभर ये-जा करतात, जेवायला बाहेर पडतात, जवळ राहायला बघतात. खानावळी आणि घरे त्यांच्यामागून येतात.

पैशाची मोट

अमेरिकेत अशा कामांचा कणा म्हणजे टॅक्स क्रेडिट. करपात्र उत्पन्नातली ही सूट नव्हे. भरायच्या करातूनच तेवढी रक्कम थेट वजा होते. इथे ती तीन प्रकारची होती. ऐतिहासिक वास्तूच्या जीर्णोद्धारावरच्या पात्र खर्चाच्या २० टक्के क्रेडिट केंद्र सरकार देते. नॉर्थ कॅरोलायनाने २००६ पासून बंद गिरण्या-कारखान्यांसाठी स्वतःचे वेगळे क्रेडिट ठेवले होते, जिल्ह्याच्या आर्थिक गटानुसार ३० किंवा ४० टक्के. अट अशी की खर्च किमान ३० लाख डॉलर हवा आणि इमारत निदान दोन वर्षे बहुतांश रिकामी असावी. ही योजना २०१४ अखेर संपली, म्हणून त्याआधीची घाई. तिसरे ‘न्यू मार्केट्स’ क्रेडिट : गरीब वस्तीतल्या गुंतवणुकीवर सात वर्षांत मिळून ३९ टक्के.

विद्यापीठ करच भरत नाही, मग त्याला क्रेडिटचा उपयोग काय? म्हणूनच मधे खासगी विकासक लागतो. मालकी त्याच्याकडे, क्रेडिट विकत घेणारा गुंतवणूकदार (बहुधा बँक) त्याच्यासोबत आणि विद्यापीठ भाडेकरू. इथे एक खाच आहे जी अनेकांना उशिरा कळते. करमुक्त संस्थेला निम्म्याहून जास्त जागा अशा कराराने दिली, ज्यात मुदत २० वर्षांपेक्षा अधिक आहे किंवा ठरल्या किमतीला इमारत विकत घेण्याचा हक्क आहे, तर त्या भागावरचा खर्च ऐतिहासिक क्रेडिटला मुकतो. विद्यापीठाच्या वकिलांना लांब मुदत आणि खरेदीचा हक्क हवासा वाटणारच. तो मागितला की आर्थिक गणित कोसळते. भाडेकराराचा मसुदा आराखड्याच्या आधी कर-सल्लागाराच्या हाती जायला हवा.

दुसरी खाच पात्र खर्चाची. जागेची खरेदी, नवा वाढीव भाग, पार्किंग, फर्निचर, हलवता येणारी उपकरणे आणि बाहेरची बाग यांतले काहीच पात्र धरत नाहीत. म्हणजे संकुलातल्या ज्या हिरव्या जागेचे सगळे कौतुक करतात, तिला या क्रेडिटमधून छदामही मिळत नाही. तिचा पैसा वेगळा उभा करावा लागतो, आणि तो आधीच बाजूला काढला नाही तर शेवटी बागेलाच कात्री लागते.

कामाचा क्रमही पक्का आहे. ऐतिहासिक क्रेडिटच्या अर्जाचा पहिला भाग इमारतीच्या ऐतिहासिक महत्त्वाचा, दुसरा नियोजित कामाचा, तिसरा पूर्ण झालेल्या कामाच्या तपासणीचा. दुसऱ्या भागाची मंजुरी येण्याआधी खिडक्या काढल्या किंवा भिंत पाडली तर क्रेडिट धोक्यात येते. काम संपल्यावरही पाच वर्षांत इमारत विकली किंवा मंजुरीविरुद्ध बदलली तर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते. दर पूर्ण वर्षामागे ही परतफेड २० टक्क्यांनी उतरत जाते.

कारखाना प्रयोगशाळा पेलतो का?

बऱ्याच बाबतींत उत्तम पेलतो. साध्या कार्यालयाचा मजला चौरस फुटाला ५० पौंड भाराचा धरतात, प्रयोगशाळेला १०० च्या आसपास लागतो, आणि गोदामे-कारखाने १२५ ते २५० पौंडांसाठी बांधलेले असतात. सिगारेटची यंत्रे आणि तंबाखूच्या राशी पेलणाऱ्या जाड काँक्रीटच्या मजल्याला उणे ८० अंशांच्या फ्रीजरची रांग जड नाही. असा मजला कमी थरथरतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकांनाही तो मानवतो. तरीही रेल्वे किंवा मोठा रस्ता शेजारी असेल तर आराखड्याआधी कंपनाची मोजणी करावी. साध्या सूक्ष्मदर्शकाला सेकंदाला ५० मायक्रोमीटरच्या आत कंप चालतो, अधिक संवेदनशील उपकरणांना त्याहून कितीतरी कमी लागतो. ती उपकरणे तळमजल्यावर, खांबांच्या जवळ ठेवलेली बरी.

अडते ते हवेपाशी. कार्यालयातली बरीच हवा थंड करून पुन्हा आत फिरवता येते, प्रयोगशाळेतली सगळी बाहेर टाकावी लागते आणि ताशी ६ ते १२ वेळा बदलावी लागते. हिशेब करून पाहा. १०,००० चौरस फुटांची प्रयोगशाळा, छत १० फूट उंच, म्हणजे एक लाख घनफूट. ताशी ८ वेळा बदल धरला तर मिनिटाला सुमारे १३,३०० घनफूट हवा. डक्टमधला (हवेच्या नळातला) वेग मिनिटाला १,५०० फूट ठेवला तर नुसत्या बाहेर टाकायच्या हवेला नऊ चौरस फुटांचे डक्ट लागते, आणि आत घ्यायच्या हवेला तेवढेच दुसरे. फ्यूम हूडचे (विषारी वाफा खेचणाऱ्या कपाटाचे) तोंड १२ चौरस फूट उघडे असेल आणि त्यावर मिनिटाला १०० फुटांचा वेग हवा असेल, तर एकटा हूड १,२०० घनफूट खेचतो. पाच मजल्यांची डक्टे एका चरात (मजल्यांतून उभ्या जाणाऱ्या पोकळीत) आणली की चर छोट्या खोलीएवढा होतो.

तो चर कापायचा कुठे? त्या काळातल्या काँक्रीटच्या कारखान्यांत बऱ्याचदा तुळयांशिवायचा सपाट स्लॅब आणि वर छत्रीसारखे रुंदावलेले खांब असतात. खांबाभोवतीचा पट्टा हाच त्या स्लॅबचा जीव. तिथे भोक पाडले तर स्लॅब खांबाभोवती फाटू शकतो. चर चार खांबांच्या मधल्या भागात घ्यावा लागतो, सळ्या कुठे आहेत ते स्कॅन करून, कडेला पोलादी चौकट देऊन. जुने नकाशे मिळाले तरी त्यांच्यावर विसंबू नये. कारखान्यात दर दशकाला कोणी ना कोणी भोक पाडलेले किंवा बुजवलेले असते.

छतावर पोहोचल्यावर दोन नियम समोरासमोर येतात. दूषित हवेची धुराडी छतापासून किमान १० फूट उंच हवीत आणि हवा जोराने वर फेकली जावी, नाहीतर ती फिरून खिडक्यांतून आत येते. क्रेडिटसाठीच्या वारसा तपासणीला मात्र रस्त्यावरून छतावरचे काही दिसायला नको. तोडगा म्हणजे सगळी यंत्रे छताच्या मध्यावर सरकवणे, धुराडी एकत्र गुंफणे आणि समोरच्या पदपथावरून नजरेच्या रेषा काढून दाखवणे. लाकडी सांगाडा तेवढ्या उंचीचा उभारून फोटो काढले तर मंजुरीचा वेळ वाचतो.

रसायनांचा नियम तर पूर्ण मजल्यांची मांडणी ठरवतो. ज्वलनशील द्रव्यांचा जो साठा जमिनीलगतच्या मजल्यावर चालतो, त्याच्या ७५ टक्के त्याच्या वरच्या मजल्यावर, ५० टक्के तिसऱ्यावर, आणि चौथ्या ते सहाव्यावर फक्त साडेबारा टक्के. आगरोधक भिंतींनी वेगळे केलेले साठ्याचे भागही चार, तीन, दोन असे उतरत जातात. म्हणून द्रावकांवर चालणारे रसायनशास्त्र खाली आणि संगणकावरचे विश्लेषण, कार्यालये, वर्ग वर. ज्येष्ठ प्राध्यापकांना वरचा, उजेडाचा मजला हवा म्हणून हा क्रम उलटवला की वर्षभरात अग्निशमन तपासणीत काम अडते.

कारखान्यांचे मजले खोल असतात, मध्यापर्यंत उजेड पोहोचत नाही. मधोमध स्लॅब कापून वरून काचेचे छत देणे हा उपाय देखणा, पण त्याने भाड्याची जागा घटते आणि जुन्या रचनेला किती हात लावायचा यावर वारसा खात्याशी घासाघीस होते. अगोदरच प्रयोगशाळेच्या इमारतीत एकूण क्षेत्रफळाच्या ६० ते ६५ टक्केच जागा प्रत्यक्ष वापरात येते. कार्यालयाचा ८० टक्क्यांचा आकडा धरून भाड्याचे अंदाज बांधले तर पहिल्याच वर्षी तोंडमिळवणी होत नाही.

वीजघर, बाग आणि रूळ

कोळसा जाळणाऱ्या वीजघराभोवतीची माती विचारल्याशिवाय खणू नये. राख, तेल, जुन्या टाक्या, पाइपांवरचे अ‍ॅस्बेस्टॉस असे काहीही निघते. नॉर्थ कॅरोलायनात १९९७ पासून अशा जागांसाठी कायदा आहे. प्रदूषण न केलेला नवा विकासक राज्याशी करार करतो आणि ठरलेली सफाई व बंधने पाळतो. मोबदल्यात जुन्या पापाची अमर्याद जबाबदारी त्याच्यावर येत नाही. बंधने साधारणतः भूजल न वापरणे, ठरावीक भाग झाकून ठेवणे, परवानगीशिवाय न खणणे अशी असतात. बाग आखणाऱ्याला ती आधी दाखवली पाहिजेत. नाहीतर झाडांसाठी आखलेले चार फुटी खड्डे नेमके झाकून ठेवायच्या थरात येतात.

वीजघराशेजारी २०१४ मध्ये बेली पार्क उघडले. आकार अवघा १.६ एकर : हिरवळ, कडेने बसायला जागा, एका बाजूला मंच. त्याचे महत्त्व क्षेत्रफळात नाही, क्रमात आहे. वीजघर अजून रिकामे होते आणि वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र उघडायला दोन वर्षे होती, तेव्हा ही हिरवळ तयार झाली. मैफली आणि सिनेमे यांच्या निमित्ताने जे लोक या भागात पाऊल टाकत नव्हते ते येऊ लागले. मग वीजघरात कार्यालये आणि खानपानाच्या जागा आल्या, आणि कोळशाचा जुना खड्डा कार्यक्रमांची जागा झाला. आधी इमारती आणि उरलेल्या तुकड्यात बाग, हा नेहमीचा क्रम इथे उलटवला, आणि तो उलटवला हे योग्यच झाले. संकुलातून जाणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गावर पावणेतीन किलोमीटरच्या आसपासची ‘लाँग ब्रँच’ पायवाट झाली. रूळ गेल्यावर ती पट्टी प्लॉटांत वाटली गेली असती तर पुन्हा सलग मिळाली नसती.

महामार्गापलीकडे

संकुलाच्या पूर्वेला ५२ क्रमांकाचा महामार्ग आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात तो कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कापत गेला. या वस्त्यांतलेच लोक, विशेषतः स्त्रिया, रेनॉल्ड्सच्या कारखान्यांत राबत. जून १९४३ मध्ये एका कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यावर त्यांनी यंत्रे थांबवली आणि त्यातून ‘लोकल २२’ ही संघटना उभी राहिली. १९५० पर्यंत ती मोडून काढण्यात आली.

वैद्यकीय महाविद्यालयाकडे बघण्याची या लोकांची नजरही कोरी नाही. वंश ‘सुधारण्याच्या’ नावाखाली चाललेल्या राज्याच्या सुप्रजनन कार्यक्रमात १९२९ ते १९७४ दरम्यान सुमारे ७,६०० लोकांची नसबंदी झाली, बहुतेकांची सक्तीने. महाविद्यालयाचाही त्या चळवळीशी संबंध होता आणि त्याबद्दल त्याने २००३ मध्ये माफी मागितली. आरोग्य संशोधनाला स्वयंसेवक लागतात, ते शेजारच्या वस्तीतूनच यायचे असतात. विश्वास हा इथे प्रकल्पाच्या कच्च्या मालाचा भाग आहे, आणि आराखड्यात त्याला ओळ नव्हती.

सर्वांत बोचणारी गोष्ट क्रेडिटची. ‘न्यू मार्केट्स’ क्रेडिट मिळते ते परिसरातल्या जनगणना-गटाच्या गरिबीच्या जोरावर. गरिबांच्या आकड्यांवर पैसा आला, पण प्रयोगशाळेतली नोकरी पदवी मागते. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात गरीब घरातली मुले वर चढण्याच्या बाबतीत हा फोर्साइथ जिल्हा देशात अगदी तळाला होता. फोर्साइथ टेक या दोन वर्षांच्या महाविद्यालयाचे वर्ग संकुलात आणले गेले, ते योग्य दिशेचे पाऊल आहे. पण तंत्रज्ञांच्या किती जागा स्थानिकांतून भरायच्या, हे भाडेकरारात लिहिल्याशिवाय ते भागणार नाही.

मुंबईच्या वाचकाला इथे गिरणगाव आठवणारच. ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ ने मोकळी जागा, घरे आणि मालक असे तीन वाटे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती ठेवली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. परळमध्ये केईएम, टाटा मेमोरियल आणि हाफकिन ही तिन्ही संस्था या गिरण्यांच्या हाकेच्या अंतरावर होत्या. जागा संपलेली संस्था आणि शेजारी रिकामा कारखाना, हीच जोडी. फरक एवढाच की विन्स्टन-सेलममध्ये विद्यापीठाला पुढे ठेवून इमारत वाचवणाऱ्याला करातून मोबदला होता, मुंबईत इमारत पाडणाऱ्याला चटईक्षेत्र.

आता काय पाहायचे

वेक्सफोर्डने उभारलेल्या इमारतींची मालकी पुढे फिरली. २०१६ मध्ये व्हेंटास या शिकागोच्या कंपनीने वेक्सफोर्डच्या संशोधन-इमारतींचा संच १५० कोटी डॉलरला घेतला, त्यात या संकुलातल्या इमारतीही गेल्या. म्हणजे देणगीत मिळालेल्या कारखान्यांचे भाडे आता विद्यापीठ दुसऱ्या राज्यातल्या भागधारकांना देते. २०२० मध्ये वेक फॉरेस्टचे रुग्णालय शार्लटच्या अ‍ॅट्रियम समूहात गेले, आणि वेक्सफोर्डच्याच साथीने शार्लटमध्ये ‘द पर्ल’ हे नवे संकुल उभे राहिले. तिथे २०२५ पासून याच वैद्यकीय महाविद्यालयाची दुसरी शाखा चालते. ती जमीनही ब्रुकलिन नावाच्या, शहरसुधारणेच्या नावाखाली पाडलेल्या कृष्णवर्णीय वस्तीची.

विन्स्टन-सेलममधले वीस वर्षांच्या आतले करार या दशकात आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला नूतनीकरणाला येतील. तेव्हा कोणते विभाग शार्लटला जातात, घरमालक हवेची यंत्रे बदलण्याचा खर्च कोणाच्या माथी मारतो आणि बेली पार्कभोवतीच्या पार्किंगच्या मोकळ्या प्लॉटांवर घरे येतात की आणखी कार्यालये, यावर या संकुलाची पुढची वीस वर्षे ठरतील.